सोमाजीभाऊंच्या पायावरचे डाले

आमच्या वसतिगृहाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असे संपादकांनी पहिल्यांदा सुचवले तेव्हा मी नाही म्हणालो होतो. संपादक माझ्याच वर्गातले, वयाने माझ्याहून बरेच लहान. त्यांचे म्हणणे असे की कॉलेजात येण्याआधी नोकरी केलेला वसतिगृहात मी एकटाच आहे, तेव्हा त्या नोकरीविषयी मीच लिहायला हवे. पण नोकरीच्या आठवणी ज्यांनी लिहायच्या त्यांचे केस पिकलेले असतात, असा माझा समज. मी चांदा जिल्ह्यात, धानोऱ्याच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यात काही वर्षे कंपाउंडर होतो. बाटल्या धुतल्या, पुड्या बांधल्या, यापलीकडे सांगण्यासारखे काय केले? शिवाय आमच्या घरात लिहायला शिकलेला पहिला मीच. लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही आणि बाहेर विचारायची लाज वाटते.

मग गेल्या महिन्यात एक ओळखीचा माणूस अचानक वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन बसला. त्याने जे सांगितले ते ऐकल्यापासून हे लिहावे असे मलाच वाटू लागले. भाषा कच्ची वाटली तर वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे की या हाताला लेखणीपेक्षा खलबत्त्याची सवय अधिक आहे.

आधी कंपाउंडरचे काम काय असते ते सांगतो. शहरातल्या मित्रांना वाटते की औषध म्हणजे दुकानातून आणलेली सीलबंद बाटली. आमच्याकडे तसे नव्हते. रोगी आपली बाटली घरून आणायचा. ती कधी गोडेतेलाची असायची, कधी घासलेटाची, आणि कशाची ते पुष्कळदा वासावरूनच कळायचे. ती गरम पाण्याने धुवायची, डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठीवर लिहिलेली औषधे मापाने मिसळायची, पाणी घालून हलवायचे, आणि बाहेरून कात्रीने खाचा पाडलेली कागदी पट्टी खळीने चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही ही पट्टी वाचता येते. माझ्या पट्ट्या सरळ आणि खाचा सारख्या असत, आणि या एका गोष्टीचा मला अजून अभिमान आहे.

लोक मात्र पट्टीपेक्षा रंग पाहत. एक म्हातारी बाई पोटदुखीचे औषध घेऊन दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"तिले लाल देल्लं. मले पांढरं काऊन?"

"बाई, तिला खोकला आहे. तुमचं पोट दुखतं."

"मंग पोटाले लाल चालत नाई का?"

मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिले. ते नागपूरकडचे, बोलायला कमी, पण रोग्यावर आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकले नाही. म्हणाले, "घाल दोन थेंब रंग. पोटाचं काही बिघडत नाही आणि बाईंचं समाधान होतं." बाई लाल बाटली घेऊन गेल्या. पुढच्या बाजाराला त्यांनी शेजारणीलाही आणले, तिलाही लालच हवे होते.

अशी माणसे पुष्कळ. पण मला लिहायचे आहे ते सोमाजीभाऊंच्या पायाविषयी.

भाद्रपदातला दिवस होता. दोघा जणांनी खांद्यावर उचललेली खाट दवाखान्याच्या ओट्याशी टेकली. खाटेवर पन्नाशीचा, रुंद छातीचा माणूस दात आवळून पडलेला. पुढे त्याची बायको, रुखमाबाई. कोणी खाटेजवळून गेले की ती दोन्ही हात आडवे धरून ओरडायची, "हलू! हलू! खाटेले धक्का नका लावू!"

सोमाजीभाऊ आमच्यापासून दोन कोसांवरच्या गावातले, ढीवर समाजाचे, म्हणजे तलावात जाळे टाकून जगणाऱ्यांपैकी. गावाच्या तलावावर जाळे टाकणाऱ्या सगळ्या घरांचे ते मुखिया होते. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा मुळाशी पिकल्या टोमॅटोसारखा लाल आणि फुगलेला होता, आणि त्याभोवतीची कातडी बिब्ब्याच्या चटक्यांनी काळी पडली होती. दुखऱ्या जागी बिब्बा घालून डाग द्यायची आमच्याकडे रीत आहे. डॉक्टरसाहेबांनी ते डाग पाहिले आणि ते खाटेशी वाकले.

"फार दुखतं का?"

"साहेब, माशी बसली तरी जीव जाते."

"याआधी झालं होतं?"

"होते अन् जाते. दोन-तीन वर्सं होऊन राह्यलं."

"वडिलांना होतं का असं?"

"बाप काठीनं चाले. त्याचा भाऊबी. लोक म्हनत, वात हाये."

डॉक्टरसाहेबांनी आत येऊन मला सांगितले की हा गाऊट. आपल्या वैद्यकात याला वातरक्त म्हणतात. रक्तात एक प्रकारचे आम्ल वाढते, त्याचे काचेच्या चुऱ्यासारखे बारीक कण सांध्यात जमतात, आणि एके दिवशी सांधा पेट घेतो. बहुधा अंगठाच. मग काही दिवसांनी आपोआप शांत होतो, माणसाला वाटते गेले, आणि ते पुन्हा येते. पुष्कळदा घराण्यातून येते. "पुस्तकात हा राजेरजवाड्यांचा रोग म्हणून वाचला होता," ते म्हणाले, "जंगलात प्रथमच पाहतो आहे."

दाराशी उभ्या रुखमाबाईंनी एवढेच ऐकले, आणि गावात जाऊन तेवढेच सांगितले. तेव्हापासून सोमाजीभाऊंचे नाव 'राजे' पडले. पाय बरा असला की लोक वाटेत विचारत, "काय राजे, आज सवारी कुठी?"

या रोगावर आमच्याकडे कोल्चिकमचा अर्क होता. तो थेंबांनी मोजायचा असतो. थोडा दिला तर दुखणे बसते, जास्त झाला तर पोट असे सुटते की माणूस हातचा जावा. आणि आमच्या लोकांचा ठाम विश्वास असा की औषध एका घोटाने जर एक दिवसात गुण देते, तर सगळी बाटली एकदम प्यायली की ताबडतोब देईल. म्हणून डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता की हे औषध एका वेळी एका दिवसाचेच द्यायचे, आणि पोट ढिले झाले की थांबवायचे.

सोमाजीभाऊंचे दुखणे बसले. डॉक्टरसाहेबांनी बजावले, "दारू बंद आणि मटण बंद. कायमचं." भाऊंनी दोन्ही कान पकडले. "बंद, साहेब."

जाताना रुखमाबाईंनी मला बाजूला घेतले आणि खरी काळजी सांगितली. वैशाखात तलावाचे पाणी उतरले की सगळ्या घरांची जाळी एकत्र करून मोठी ओढ होते. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी पाण्यात पहिला पाय मुखियाचा पडतो, मगच बाकीचे उतरतात. त्या वर्षीच्या ओढीला भाऊंना खाटेवर काठापर्यंत नेले होते, आणि त्यांनी खाटेवरूनच वाकून पाण्यात हात घातला होता. ओढ झाली, पण मासोळी कमी लागली, आणि लोक कुजबुजले. आता बैठकीत ठरले होते की पुढच्या वैशाखात भाऊ आपल्या पायांनी उतरले तर ठीक, नाहीतर मुखियापण त्यांच्या चुलतभावाला, तुळशीरामला.

"माह्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून हे घर मुखियाचं हाये," रुखमाबाई म्हणाल्या. "ह्या मानसाले दुसरं काई येत नाई, कंपोंडरभाऊ. पान्यातून काढला तं हा मानूस जगत नाई."

पण पाय ऐकेना. आश्विनात खाट पुन्हा आली. कार्तिकात पुन्हा. आम्ही औषध द्यायचो, दुखणे बसायचे, आणि पंधरा-वीस दिवसांनी रुखमाबाईंचे "हलू! हलू!" पुन्हा ओट्यापाशी ऐकू यायचे.

"दारू घेतोस का?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"आईची आन, साहेब. वासबी नाई घेतला."

"मटण?"

"पोराच्या साक्षगंधात बोकड कापला. मी भात अन् वरन खाल्लं. विचारा कोनालेबी."

भाऊ गेल्यावर डॉक्टरसाहेब खुर्चीत मागे टेकले. मला वाटले, ते म्हणतील हा खोटे बोलतो. रोगी खोटे बोलतो असे मानणे दवाखान्यात फार सोपे असते. ते म्हणाले, "तुझं गाव त्याच वाटेवर पुढे आहे ना? रविवारी घरी जाताना त्याच्याकडे जा. काही विचारू नकोस. चुलीवर काय आहे ते बघ."

मी गेलो. भाऊ अंगणात, कडुनिंबाच्या सावलीला खाटेवर होते. पायावर गोधडी होती, पण गोधडीखाली मोठा घुमट दिसत होता. रुखमाबाईंनी गोधडी उचलून दाखवली. कोंबडीची पिल्ले झाकायचे बांबूचे डाले पायावर पालथे घातले होते, आणि त्यावर गोधडी. थंडीत पाय उघडा ठेववत नाही आणि पांघरूण सोसवत नाही, म्हणून हा उपाय. घरातले कुत्रे आणि नातवंडेसुद्धा त्या डाल्याला वळसा घालून जात. मी विचारले, "आता लागतं का?"

"नाई लागत," भाऊ म्हणाले. "पिल्ल्यावानी पडलो हावो. कोंबडी तेवढी ओरडते." आणि त्यांनी रुखमाबाईंकडे मान वळवली.

"ओरडते म्हनून जिता हायेस," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने एक बाई पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन आली आणि खाटेशी ठेवून म्हणाली, "राजे, गरम गरम प्या. पायाले बळ येते." तिच्यामागून दुसरी. मग एक म्हातारा आला, तोही काहीतरी झाकून घेऊन. एका द्रोणात झिंग्यांचा रस होता, दुसऱ्यात रोहूची मुंडी, तिसऱ्यात मरळीची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, लसूण घालून भाजलेली. भाऊंनी प्रत्येकाला हात जोडले आणि प्रत्येकाचे खाल्ले. काही विचारू नकोस असे मला सांगितले होते, तरी राहवले नाही.

"भाऊ, हे रोज येतं?"

"पाय दुखला का येते. सगळ्या घरून येते," ते अभिमानाने म्हणाले. "आमच्यात बिमार मानसाले जाळ्यातलं चांगलं ते पयले. मुंडी अन् गाभोळी. अन् मी तं मुखिया. ओढ झाली का पयल्या मासोळीची मुंडी माह्याच घरी. मी खाल्ल्याबिगर कोनी चूल पेटवत नाई."

"पण डॉक्टरसाहेबांनी मटण बंद सांगितलं होतं."

 भाऊंना माझी कीव आली असावी. "हे मटन नोहे, कंपोंडरभाऊ," ते लहान मुलाला समजवावे तसे म्हणाले. "हे मासोळी हाये. आमच्या घरी मासोळी म्हंजे तुमच्या घरची भाजी."

मी दवाखान्यात परत जाऊन हे सांगितले तेव्हा डॉक्टरसाहेब आधी हसले, आणि मग बराच वेळ टेबलावरची काचपट्टी उगीच फिरवत बसले. "मी मटण म्हणालो," ते म्हणाले. "ढीवराला मटण बंद करून मी काय बंद केलं? वर्षातून दोन वेळची गोष्ट." मुंडी, गाभोळी, झिंगे, सुकट आणि माशांचा उकळलेला रस, या रोगाला याहून वाईट काही नव्हते. पाय दुखला की गाव धावून येई, गावाने खाऊ घातले की पाय दुखे. इतकी माया आणि तिचा असा परिणाम, हे माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

डॉक्टरसाहेबांनी मासे पूर्ण बंद केले नाहीत. ते म्हणाले, ज्याच्या घरात दुसरे काही शिजतच नाही त्याला ते बंद सांगितले तर तो खोटे बोलायला शिकेल. आठवड्यात एखादवेळ माशाचा साधा तुकडा चालेल, मुंडी-गाभोळी-झिंगे-रस कधीच नाही. भात, भाजी, ताक भरपूर. आणि पाणी, दिवसभर पाणी. अंगठ्यात पहिली टोचणी लागली की त्याच वेळी औषध, पाय उशीवर, आणि बिब्बा नाही. हे सगळे मी पुढच्या रविवारी भाऊंना सांगितले. पाण्याचे ऐकून त्यांना हसू आले. "जन्मभर पान्यात उभा रायलो," ते म्हणाले, "पेलो मात्र नाई. खरं हाये."

मग त्यांचा चेहरा उतरला. "पन मुंडीचं कसं करू? ओढीची मुंडी मुखियानं नाकारली म्हंजे तो जाळ्यावर नाराज हाये. मंग कोन पान्यात उतरन?"

अडचण खरी होती. मुंडी खाल्ली तर वैशाखापर्यंत पाय टिकत नव्हता, आणि पाय नाही टिकला तर मुखियापण जाणार. मुंडी नाकारली तर ते आजच जाणार. मी पुस्तकी उत्तरे शोधत राहिलो. म्हटले, थोडीशीच चाखा. भाऊ म्हणाले, सगळ्यांसमोर खावी लागते, सगळी.

वाट रुखमाबाईंनी काढली. पुढची ओढ, वैशाखातल्याहून लहान, मार्गशीर्षात होती. डॉक्टरसाहेबांनी मला मुद्दाम पाठवले, लोकांना नीट समजावून सांगायला. मी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून रक्त, आम्ल, काचेचा चुरा वगैरे सांगितले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले, कारण आमच्याकडे पाहुण्याचे ऐकून घेतात. पटले असे काही दिसले नाही. तेवढ्यात रुखमाबाईंनी शिजवलेली पहिल्या रोहूची मुंडी पानावर आली आणि भाऊंसमोर ठेवली गेली. भाऊंनी पान उचलले, कपाळाला लावले आणि शेजारी उभ्या रुखमाबाईंच्या हातात दिले.

पारीवर एकदम कालवा झाला. बाईमाणसाने मानाची मुंडी खाल्ल्याचे कोणी ऐकले नव्हते.

"मान मुखियाचा का मुखियाच्या घराचा?" रुखमाबाईंनी विचारले. "घराचा असन तं मी त्याच घरची हावो."

तुळशीराम पाण्यात गुडघाभर उभा होता. चाळिशीचा, उंच, जिभेने तिखट. तो म्हणाला, "मंग वैशाखात पान्यातबी वयनीलेच उतरवा! लुगडं खोचून मुखियापन घेऊ द्या तिले."

लोक हसले. रुखमाबाई हसणे थांबेपर्यंत थांबल्या. "उतरीन," त्या म्हणाल्या. "मले पोहता येते. तुले कोनं शिकवलं रे पोहाले? नागडा होतास तवा ह्याच पारीवरून मीच ढकलला होता ना पान्यात?"

आता लोक तुळशीरामला हसले, आणि तो जाळे सोडवण्याच्या निमित्ताने खाली वाकला. रुखमाबाईंनी सगळ्यांसमोर मुंडी खायला सुरुवात केली. दोन घास खाऊन त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"का हो, इतके वर्सं मी मीठ इतकं जास्त टाकून राह्यली होती?"

भाऊ म्हणाले, "हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मानाची होती," भाऊ म्हणाले. "मानाच्या मुंडीले कसं नाव ठेवावं?"

एक म्हातारा हसता हसता पारीवर बसला, आणि मग त्याने हात वर करून सांगितले की मान पोचला, चुली पेटवा. माझ्या आम्लाने जे झाले नाही ते मिठाने झाले.

त्यानंतर पौष पार पडला, पाय शांत होता. माघात एकदा पुन्हा अंगठा पेटला. भाऊंनी काहीही वावगे खाल्ले नव्हते. मी हे मुद्दाम लिहितो, कारण ज्यांच्या घरी हा रोग आहे त्यांना लोक फार लवकर दोष देतात. पथ्य पाळूनही तो येतो. डॉक्टरसाहेब म्हणत, हा पाहुणा घर विसरत नाही, पण आपण दार लवकर लावले तर फार दिवस मुक्काम करत नाही. या वेळी भाऊंनी टोचणी लागताच माणूस पाठवला, औषध गेले, पाय डाल्याखाली गेला, आणि पूर्वी जे पंधरवडाभर चाले ते थोड्या दिवसांत निवले. पण भाऊ घाबरले होते. मला म्हणाले, "वैशाखात असाच आला तं?" मी काय सांगणार? म्हटले, येणार नाही. डॉक्टरसाहेबांनी असे ठाम कधी सांगितले नसते.

फाल्गुनात माझी बदली सिरोंच्याकडे झाली. तिथले रोगी तेलुगू बोलत, मला ती येत नव्हती, आणि दुखते कुठे हे बोटाने दाखवण्यावर सगळे चालत होते. वैशाख आला, गेला. मी रोज विचार करायचो की आज ओढ झाली असेल का. पण मधे नदी, जंगल, आणि मला पत्र लिहील असे त्या गावात कोणी नव्हते. तेवढ्यात, बाहेरून दिलेली मॅट्रिकची परीक्षा मी पास झाल्याचे कळले, नोकरी सोडली, आणि पाऊस लागल्यावर नागपूरला आलो. इथे नव्या गोष्टी इतक्या होत्या की भाऊंची आठवण मागे पडली, हे कबूल केले पाहिजे. पण एखाद्या मुलाने वर्गात पाय लांब केला की मला ते डाले दिसायचे.

गेल्या महिन्यात दुपारी कॉलेजातून परत आलो तर फाटकाशी तुळशीराम बसलेला. वडसापर्यंत मोटर आणि तिथून छोट्या रेल्वेने तो जाळ्याचे सूत घ्यायला नागपूरला आला होता, आणि विचारत विचारत वसतिगृह शोधून काढले होते. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय फडक्यात गुंडाळलेला.

मी बसायच्या आधी विचारले, "भाऊ उतरले का?"

"थांब गा, पानी तं पाज," तो म्हणाला. मी तांब्या आणला. तो सगळा प्यायला आणि दुसरा मागितला. मग म्हणाला, "ओढीच्या आठ दिवस आधी भाऊचा पाय सुजला. लग्नात उन्हात फिरला होता. मले समजलं तं मी काय केलं सांगू? नवं धोतर आनलं."

तो माझ्याकडे न पाहता बोलत होता.

"त्याच संध्याकाळी त्यायनं औषध घेतलं. मडकं मडकं पानी पेला. पाय डाल्याखाली. वयनी दारात बसली, कोनाले आत जाऊ दे नाई. ओढीच्या दिवशी सारं गाव पारीवर. अन् हा आला. मी मागून पाहून राह्यलो का लंगडते. नाई लंगडला. घोट्याइतकं, गुडघ्याइतकं, कमरेइतकं. मंग मागं वळून म्हनते, तुळश्या, नव्या धोतरानं पान्यात येतं का बदलून येतं?"

मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. तुळशीराम मात्र हसला नाही. त्याने पायाचे फडके सोडले. अंगठ्याच्या मुळाशी अजून लालसर सूज होती. मला डॉक्टरसाहेबांचा प्रश्न आठवला, आणि भाऊंचे उत्तर, की बाप काठीने चाले, त्याचा भाऊही.

"श्रावनात धरलं," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेब म्हनते तेच हाये. आता कमी हाये. तू शिकला हायेस, खरं सांग. हे जन्मभराचं हाये का?"

या वेळी मी ठाम खोटे बोललो नाही. म्हटले, "राहील. पण त्याच्यासोबत जगता येतं. तुम्ही पाहिलंच आहे."

"हो, पाह्यलं." तो फडके पुन्हा गुंडाळू लागला. अगदी हलक्या हाताने. "पयल्या दिवशी मी खाटेवर वरडत होतो. गोधडी लागली तरी जीव जाय. बायको रडून राह्यली. तितक्यात पाह्यतो तं अंगनात भाऊ. डोक्यावर डालं."

"कोणाबरोबर आले?"

"कोनी नाई. एकटा. आमचं घर त्या टोकाले, सारी पार चालून यावं लागते. पाऊस धो धो, पार निसरडी. अन् हा राजा डोक्यावर डालं घेऊन चालत आला. आपल्या पायानं." त्याने फडक्याची गाठ मारली. "मले वाटलं आता बोलन. धोतराचं काढन. काई बोलला नाई. डालं माह्या पायावर पालथं घातलं, वरून गोधडी टाकली, अन् इचारलं, लागते का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाई लागत, भाऊ."